शेंकडा, पण कशाचे?

सायंकाळीं दिवेलागण झाली, देवापुढें निरांजन लागलें, आणि घरांतील मुलें पुस्तकें घेऊन बसलीं, कीं थोड्या वेळानें एखाद्या कोपऱ्यांतून एक निराळीच शांतता जाणवूं लागते. ही अभ्यासाची शांतता नव्हे. अभ्यास चालला असतां मूल पुटपुटतें, पाय हलवितें, पेन्सिल चावतें, मधूनच पाणी पिण्यास उठतें. ज्याच्यापुढें न सुटणारें गणित येऊन पडलेलें असतें तें मूल मात्र हालत नाहीं कीं बोलत नाहीं. वहीवर नजर खिळवून, कोणी आपणांस दुसऱ्या कामाला हाक मारील काय, याची वाट पाहात राहतें. घरांत वडील मंडळी पुष्कळ असतात; परंतु "काय अडलें?" असें विचारण्याचा धीर त्यांपैकीं थोड्यांसच होतो. कारण विचारलें तर सांगावें लागतें, आणि शेंकडेवारीचें गणित सांगतांना भल्याभल्या पदवीधर काकांची व मामांची कशी त्रेधा उडते, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

आम्हीं चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. गणित हा आमचा विषय नव्हे. जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन आम्ही शाळेंत लागलों ते शब्द व धातु चालवून घेण्यासाठीं. परंतु गणिताचे गुरुजी रजेवर गेले कीं (आणि ते वारंवार जात) त्यांचा वर्ग आमच्याकडे येई. त्या उसन्या तासांतून गणिताची जी ओळख झाली, तेवढ्याच भांडवलावर गेल्या वर्षीं आम्हीं एक विद्यार्थिनी पत्करली. तिच्याविषयीं, व तिच्यापायीं आम्हांलाच जें नव्यानें शिकावें लागलें त्याविषयीं, चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

ही मुलगी सांगलीस आमच्याच इमारतींत तळमजल्यावर राहते. इयत्ता आठवी. वडील एका कापडाच्या दुकानांत नोकरीस आहेत. आई घरीं स्वयंपाक करून परगांवच्या विद्यार्थ्यांना व नोकरदारांना जेवणाचे डबे देते. धाकटा भाऊ दुसरींत. मुलगी वागावयास नम्र, वाचनाची आवड, अक्षर असें कीं पाहात राहावें. पण सहामाही परीक्षेंत गणितांत चाळिसांपैकीं नऊ गुण मिळाले, आणि 'सूट व कमिशन' या धड्यावरचें एकहि उदाहरण तिच्या हातून सुटलें नाहीं. तिची आई गुणपत्रिका घेऊन वर आली आणि आमच्या सौभाग्यवतींना म्हणाली, "काकू, काकांना विचारा ना, कांहीं होण्यासारखें आहे का. नसेल तर राहूं द्या. तिला गणित यायचेंच नाहीं; ती माझ्यावर गेली आहे."

मुलगी दाराशींच उभी होती. नाकडोळे आईवर जातात, रंग आजीवर जातो, हें आम्हीं पाहिलें आहे. शेंकडेवारी रक्तांतून उतरल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु असें वाक्य मुलाच्या कानावर वर्षांतून चारपांच वेळां पडलें, तर तें आनुवंशिक रोगापेक्षांहि खोल जाऊन बसतें.

पहिल्या दिवशीं आम्हीं तिला मनानेंच एक उदाहरण घातलें. एका कुटुंबाचें मासिक उत्पन्न २५,००० रुपये. पैकीं शेंकडा ४० अन्नावर, २४ घरभाड्यावर, १२ शिक्षणावर, ९ औषधपाणी व प्रवासावर. तर अन्नावर किती रुपये खर्च होतात, व महिनाअखेर शिल्लक किती? तिनें पंचवीस हजारांना चाळिसांनीं गुणिलें, दहा लक्ष आले, आणि तिनें आमच्या तोंडाकडे पाहिलें. आमच्या कपाळाला आंठी पडली असावी; कारण लगेच तें खोडून तिनें चाळिसांनीं भागलें, ६२५ आले, आणि पुन्हा आमच्या तोंडाकडे पाहिलें. ती गणित वहींत सोडवीत नव्हती. आमच्या चेहऱ्यावर सोडवीत होती. पंचवीस हजारांच्या घरांत दहा लक्षांचें अन्न शिजतें, याचें तिला कांहींच नवल वाटलें नाहीं. आणि हीच मुलगी त्याच दिवशीं सकाळीं वाण्याच्या बिलांतील सात रुपयांची चूक पकडून ते परत घेऊन आली होती!

मग आम्हीं पहिली चूक केली. पुस्तकांतील तीन सूत्रें तिला एका कागदावर सुवाच्य लिहून दिलीं व पाठ करावयास सांगितलीं. तिनें तीं एका रात्रींत पाठ केलीं, आणि दुसऱ्या दिवशीं तिची स्थिति पहिल्याहून बिकट झाली. आधीं तिच्यापुढें गुणावें कीं भागावें अशा दोनच वाटा होत्या. आतां तीन सूत्रें आणि प्रत्येकांत सुलटें-उलटें, अशा सहा झाल्या. आम्ही वैतागलों, व एक कठोर शब्द तोंडांतून निसटणार इतक्यांत थांबलों. थांबण्याला कारण होतें. वीसएक वर्षांपूर्वीं अशाच एका उसन्या तासाला, ह्याच शेंकडेवारीवरून, आम्हीं एका मुलाला भर वर्गांत "तुझ्या डोक्यांत बटाटे भरले आहेत" असें म्हटलें होतें. वर्ग हसला, तो मुलगाहि हसला. दुसऱ्या दिवसापासून गणिताच्या तासाला त्याच्या पोटांत दुखूं लागलें. नववीनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. त्याला कारणें अनेक असतील. त्यांत आमचेंहि एक होतें, आणि तें शेंकडा किती, हें आम्हांला आजवर काढतां आलेलें नाहीं.

असो. सूत्रांचा कागद आम्हीं परत घेतला. सौभाग्यवतींच्या फडताळांत नातवंडांच्या खेळासाठीं ठेवलेली चिंचोक्यांची बरणी आहे; ती मागून घेतली, आणि मुलीकडून बरोबर शंभर चिंचोके मोजून ताटांत ओतविले. "हें ताट म्हणजे त्या घराचें सबंध उत्पन्न. आतां ज्याचे त्याचे वांटे घाल." तिनें चार वाट्या मांडल्या, चाळीस, चोवीस, बारा, नऊ असे मोजून टाकले. ताटांत पंधरा उरले. "शिल्लक पंधरा," ती आपण होऊन म्हणाली. "पंधरा काय?" "पंधरा चिंचोके." "आणि एक चिंचोका किती रुपयांचा?" येथें ती थोडी थांबली. ताट पंचवीस हजारांचें, चिंचोके शंभर. म्हणजे एक चिंचोका अडीचशें रुपयांचा. मग अन्नाचे दहा हजार, भाड्याचे सहा हजार, शिक्षणाचे तीन हजार, औषध-प्रवासाचे सवादोन हजार, व शिल्लक तीन हजार सातशें पन्नास, हें सारें तिनें आमच्या तोंडाकडे एकदांहि न पाहतां सांगितलें. मग आम्हीं तेंच उलटें विचारलें: भाडें सहा हजार असून तें उत्पन्नाच्या शेंकडा चोवीस आहे, तर उत्पन्न किती? चोवीस चिंचोक्यांचे सहा हजार, एकाचे अडीचशें, शंभरांचे पंचवीस हजार. ज्या प्रश्नाला पुस्तकांत स्वतंत्र सूत्र होतें, तो सूत्रावांचून सुटला.

खरें पाहतां यांत आमचें स्वतःचें असें कांहींच नाहीं. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची; तींतील त्रैराशिकाचा विचार हाच आहे. प्रमाण, फल व इच्छा अशा तीन राशि. पैकीं प्रमाण व इच्छा ह्या एकाच जातीच्या असल्या पाहिजेत, असा त्याचा दंडक. शंभर हें प्रमाण, चाळीस हें फल, पंचवीस हजार ही इच्छा. पंचवीस हजार जर उत्पन्नाचे असतील, तर शंभरहि उत्पन्नाचेच असले पाहिजेत. हा दंडक आम्हांला चाळीस वर्षें पाठ होता. त्याचा अर्थ किती दूरवर जातो हें मात्र पुढच्या आठवड्यांत कळलें.

पुढच्या आठवड्यांत आम्हीं त्याच घराला महागाई लावली. "अन्नाचा खर्च उत्पन्नाच्या ४० टक्के होता, तो १० टक्क्यांनीं वाढला, उत्पन्न तेवढेंच आहे, तर आतां अन्नाचा खर्च उत्पन्नाच्या किती टक्के?" तिनें ताटांतले दहा चिंचोके उचलून अन्नाच्या वाटींत टाकले व "पन्नास" म्हणाली. आम्हीं "चुकलें" म्हटलें. तिनें दहा चिंचोके परत ताटांत टाकले आणि पुन्हा ती ओळखीची शांतता पसरली. उत्तर चव्वेचाळीस आहे हें आम्हांला ठाऊक होतें. परंतु तिचे पन्नास कां चुकले हें चार शब्दांत सांगतां येईना. दहा टक्के वाढले, तिनें दहा टक्के घातले, अपराध कोणता?

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या आम्ही तें वाक्य मनांत घोळवीत होतों, आणि गणिताचा नाद सोडून केवळ संस्कृताच्या मास्तराच्या संवयीनें त्याची पदें पाडूं लागलों. 'उत्पन्नाच्या ४० टक्के.' येथें षष्ठी आहे. '१० टक्क्यांनीं वाढला.' येथें षष्ठी नाहीं. ती अध्याहृत आहे. कशाच्या दहा टक्के? उत्पन्नाच्या नव्हे, अन्नाच्या खर्चाच्या. म्हणजे हे दहा चिंचोके उत्पन्नाच्या ताटांतले नव्हतच. अन्नाचे दहा हजार हेंच आतां एक नवें ताट, त्याचे पुनः शंभर चिंचोके, आणि त्यांतला एकेक अडीचशेंचा नसून शंभर रुपयांचा. वाढ एक हजाराची. आमची विद्यार्थिनी गणितांत कच्ची नव्हती; तिला कोणीं व्याकरण विचारलें नव्हतें.

सकाळीं तिला बोलाविलें व वही मिटावयास सांगितलें. "आज गणित नाहीं. आज विभक्ति." षष्ठीचे प्रत्यय तिला मराठीच्या तासामुळें ठाऊक होतेच. आम्हीं सांगितलें, शेंकडा हा शब्द एकटा हिंडूं शकत नाहीं. लग्नकार्यांत एखादा अनोळखी मुलगा दिसला, कीं "कोणाचा रे तूं?" हें कळल्यावांचून आजीबाई त्याला जिलबी वाढीत नाहींत. तसें प्रत्येक टक्क्याला अडवावें: कशाचा रे तूं? ज्या शब्दाला चा-ची-चे लागला असेल, त्याच्याभोंवतीं वर्तुळ काढावें. तें आपलें शंभर चिंचोक्यांचें ताट. चा-ची-चे नसेल पण 'पेक्षां' असेल, तर 'पेक्षां' ज्याला लागलें तें ताट. आणि दोन्ही नसतील, तर षष्ठी कोणी गाळली आहे असें समजावें, व आंकडेमोड करण्यापूर्वीं ती पेन्सिलीनें भरून काढावी. ह्या कामांत मुलगी इतकी रमली, कीं दोन दिवस तिनें एकहि गणित सोडविलें नाहीं. नुसतीं वर्तुळें काढलीं. आम्हींहि तिला अडविलें नाहीं.

नियम म्हटला कीं अपवाद आलाच, व तो तिनेंच आम्हांला दाखविला. "आजोबा, 'पगारांत १० टक्के वाढ झाली', येथें तर सप्तमी आहे." आम्ही क्षणभर गप्प झालों. मग दोघांनीं मिळून ठरविलें, कीं जेथें वाढ किंवा घट आहे तेथें गाळलेली षष्ठी नेहमीं 'पूर्वीच्या'ला लागावयाची: पूर्वीच्या पगाराच्या दहा टक्के. आणखी एक खांच 'टक्क्यांनीं' व 'टक्क्यांवर' यांची. बचत उत्पन्नाच्या १५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली, म्हणजे ती तीन टक्क्यांनीं घटली असें वर्तमानपत्रें सर्रास लिहितात. वास्तविक आमच्या त्या घरांत ती ३,७५० वरून ३,००० वर आली. पूर्वीच्या बचतीचा पांचवा हिस्सा गेला, म्हणजे बचत वीस टक्क्यांनीं घटली. तीन हे उत्पन्नाच्या ताटांतले चिंचोके, वीस हे बचतीच्या ताटांतले.

षष्ठी गाळण्याची ही चाल अलीकडचीच दिसते. मनुस्मृतींत व्याजाचा दर सांगतांना शंभराचा ऐंशीवा भाग, आणि तो दरमहा, असें स्पष्ट म्हटलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शंभर पणांना महिन्यास सव्वा पण हें व्याज धर्म्य मानलें असून तेथें 'शंभर पण' या शब्दाला षष्ठीच लागलेली आहे. हिशेब केला तर दोघांचा दर एकच, सालाचे शेंकडा पंधरा. कशाचे व किती मुदतीचे, हीं दोन्ही प्रश्नचिन्हें त्यांनीं उरूंच दिलीं नाहींत. उलट आज कोणी हातउसने देणारा "शेंकडा दोन" म्हणतो, तेव्हां तो महिन्याचें बोलत असतो व ऐकणारा वर्षाचें समजतो. दोन आणि चोविसांत जें अंतर आहे त्यांत घरें बुडालेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. आमचे वडील तर शेंकडा म्हणतच नसत. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं तरी त्यांच्या तोंडीं अखेरपर्यंत 'रुपयाला आणा' असेंच होतें. रुपयाला आणा म्हणजे शेंकडा सव्वासहा. पण 'रुपयाला' म्हटल्यामुळें कशाचा, हें विचारावें लागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या त्या पिढीला पंचवीस, पन्नास व पंचाहत्तर टक्के हे कांहीं निराळे आंकडे वाटतच नसत.

आणि बाजाराचें काय सांगावें! २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हांपासून टक्के घरोघर आले आहेत. छापील कमाल किमतींत कर धरलेलाच असतो. समजा, ११८ रुपयांच्या एखाद्या वस्तूंत शेंकडा अठरा कर अंतर्भूत आहे. तो किती? पुष्कळजण ११८ चे शेंकडा अठरा काढून २१ रुपये २४ पैसे सांगतील. परंतु येथें षष्ठी कराआधींच्या किमतीला आहे. कर नेमका अठरा रुपये. आमच्या घरांत हा प्रश्न जेवतांना टाकला, तेव्हां दोन चिरंजीव, एक सून व एक पाहुणे अभियंते अशा चौघांपैकीं तिघे चुकले. कोण बरोबर आलें, तें गृहसौख्यास्तव सांगत नाहीं.

काल्पनिक कुटुंबाचा कंटाळा आल्यावर आम्हीं मुलीपुढें आमच्याच घराची खर्चाची वही टाकली. नऊ माणसांचें एकत्र कुटुंब. दोन मुलांचे पगार व आमचें निवृत्तिवेतन मिळून महिना एक लक्ष वीस हजार. त्यांतून अन्नावर चोवीस हजार, म्हणजे शेंकडा वीस. तिनें तो आंकडा काढला, तपासून पाहिला, आणि मग हळूच विचारलें, "आजोबा, आमच्या घरीं बाबांचे एकवीस हजार आणि आईचे डब्यांचे चार हजार येतात. जेवणाला दहा हजार लागतात. म्हणजे आमचे चाळीस टक्के. तुम्ही आमच्यापेक्षां जास्त रुपये खर्च करतां, मग तुमचे टक्के निम्मे कसे?"

पहिल्या दिवशीं आम्हीं मनानें रचलेलें कुटुंब तिचेंच निघालें होतें! तिला तें तेव्हांच ओळखूं आलें होतें कीं काय, तें आम्हीं विचारलें नाहीं. एर्न्स्ट एंगल नांवाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालीं बेल्जममधील कामकरी कुटुंबांचे जमाखर्च तपासून हेंच सांगितलें होतें, कीं घर जितकें गरीब तितका त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. आम्हीं तिला तें सांगितलें. पोट सर्वांचें सारख्याच आकाराचें, ताटें मात्र लहानमोठीं. तेव्हां त्याच पोटाला लहान ताटांतले चिंचोके अधिक लागणारच. तिनें ऐकून घेतलें. तिचें समाधान झालें असें मात्र दिसलें नाहीं. कां व्हावें?

नंतर तेलाचें उदाहरण आलें, व तेंच पुढें महत्त्वाचें ठरलें. तेलाचा भाव १६० रुपयांवरून २०० झाला, म्हणजे पूर्वीच्या भावाच्या शेंकडा पंचवीस वाढला. घरांत महिन्याला पांच लिटर तेल लागतें. खर्च तेवढाच ठेवावयाचा तर वापर किती टक्क्यांनीं कमी करावा? मुलें ठोकून 'पंचवीस' सांगतात. तिनें आधीं वर्तुळें काढलीं. मग म्हणाली, पूर्वीं पांच लिटरांचे ८००. आतां ८०० रुपयांत चार लिटर. पांचांतला एक गेला, म्हणजे वापराच्या वीस टक्के. "चढतांना चारांतला एक, उतरतांना पांचांतला एक," असें तिनें आपल्या शब्दांत वहीच्या कडेला लिहून ठेवलें. तें आम्हीं सांगितलेलें नव्हतें.

दिवाळीच्या सुटींत एके दिवशीं ती आईची रोजनिशी घेऊन वर आली. आईनें हिशेब व्यवस्थित ठेवला होता. एका डब्याला तांदूळ, पीठ, भाजी, तेल, गॅस व पोहोंचविणाऱ्या मुलाचे पैसे धरून ६४ रुपये खर्च. दर ८० रुपये. समोर लिहिलें होतें: '२५ टक्के नफा'. तें बरोबर होतें. जूनमध्यें महाविद्यालयें सुरू होतांच, महिन्याचे पैसे आगाऊ देणाऱ्या गिऱ्हाइकांना आईनें वीस टक्के सूट जाहीर केली, व तीं चौदा गिऱ्हाइकें मिळालीं. त्या पानावर लिहिलें होतें: '२५ वजा २० = ५ टक्के तरी राहतील'. रोजचे सुटे दहा डबे पूर्ण दरानें जात होतेच.

मुलीनें दोन वर्तुळें काढलीं होतीं. "आजोबा, नफा आहे तो खर्चाच्या पंचवीस टक्के. सूट आहे ती दराच्या वीस टक्के. ह्या दोन षष्ठ्या वेगळ्या आहेत. वेगळ्या ताटांतले चिंचोके वजा कसे करायचे?" मग तिनें खालीं मांडलें: ८० च्या वीस टक्के सोळा, ८० वजा १६ बरोबर ६४. "चढतांना चारांतला एक, उतरतांना पांचांतला एक. तेलाचेंच गणित आहे. कांहींच उरत नाहीं."

आम्हीं चष्मा पुसून आंकडे पुन्हा पाहिले. चौदा गिऱ्हाइकें, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ३६४ डबे. जून ते ऑक्टोबर पांच महिने. ती बाई पहांटे साडेचारला उठते, हें आम्हांला वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्टीवरून ठाऊक होतें. इतक्यांत मुलीनें विचारलें, "ह्या चौसष्टांत आईचे किती?" आम्हीं यादीवरून बोट फिरविलें. पोहोंचविणाऱ्या मुलाचे होते. आईचे कोठें लिहिलेले नव्हते. "शून्य," आम्ही म्हणालों. आणि त्यानंतर दोघांनाहि बराच वेळ कांहीं बोलवलें नाहीं.

आईला हें कसें सांगावें, याची आम्हांला काळजी पडली. मुलीला पडली नाहीं. ती सरळ खालीं जाऊन सांगून आली. पुढला वृत्तांत सौभाग्यवतींकडून कळला, त्या तेव्हां विरजण आणावयास तेथें गेल्या होत्या. आईचा प्रथम विश्वास बसेना. तिनें मोबाईलवर करून पाहिलें, त्यानेंहि ६४ च दाखविले. "मला वाटायचें, गॅस महागला म्हणून उरत नाहीं," एवढेंच ती म्हणाली. कणीक मळून झालीच होती, ती झांकून ठेवली, हात धुतले, आणि मुलीजवळ बसून म्हणाली, "बरें, आतां दहा टक्क्यांचें काढ."

दहा टक्के सूट दिली तर डबा ७२ रुपयांना, सुटतात आठ, खर्चाच्या शेंकडा साडेबारा. दर बदलल्यावर दोन गिऱ्हाइकें गेलीं, बारा राहिलीं. त्यांच्यापासून महिना २,४९६ रुपये सुटूं लागले. रोजनिशींत मुलीनें 'आई' असा एक नवा रकाना आंखला आहे. त्यांत काय मांडावें, याविषयीं घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. वडिलांचें म्हणणें, घरच्या माणसाची मजुरी धरावयाची नसते. मुलीचें म्हणणें, मग पंचवीस टक्के नफा असेंहि लिहावयाचें नसतें. आमचें मत विचारण्यांत आलें होतें. आम्हीं मुलीच्या बाजूनें दिलें.

वार्षिक परीक्षेंत तिला चाळिसांपैकीं सत्तावीस मिळाले. भूमितींत अजून कच्ची आहे, व तींत आमच्या विभक्त्यांचा उपयोग होत नाहीं.

तळमजल्याच्या दाराशीं आतां एक पाटी लागली आहे. अक्षर मुलीचें: 'मासिक डबा. आगाऊ पैसे देणाऱ्यांस दराच्या १० टक्के सूट.' परवां संध्याकाळीं आम्ही फिरून येत असतां एक नवा विद्यार्थी ती पाटी वाचीत उभा होता. "ताई, 'दराच्या' कशाला लिहिलें आहे? नुसतें 'दहा टक्के' लिहिलें असतें तर चाललें असतें कीं," तो हसत म्हणाला.

मुलगी डबे पुशीत बसली होती. मान वर न करतां तिनें विचारलें, "कशाच्या दहा टक्के?"